हातिमचा दुसरा सवाल

स्टार प्लस वाहिनीवर २००३ च्या अखेरीस ‘हातिम’ ही मालिका सुरू झाली आणि २००४ मध्ये संपलीही. आठवड्याला एक भाग असे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून जिथे कर्जतकडे वाट फुटते त्या आमच्या चौकमध्ये तेव्हा भारनियमन होते आणि वीज ऐन मोक्याला जाई. मग ज्याने नवा भाग पाहिला तो दुसऱ्या दिवशी न पाहिलेल्यांना सांगे, आणि सांगताना पदरचे दोन जिन्न व एखादी परी त्यात घाली. दास्तान सांगण्याची कला आमच्याकडे वीज मंडळाच्या कृपेने थोडी टिकली, असे म्हणायला हरकत नाही.

मालिकेवर घरोघरी वाद होत. पहिला वाद खलनायकाच्या नावावरून. निर्मल पांडे या नटाने रंगवलेल्या त्या जादूगाराचे नाव ‘दज्जाल’ ठेवले होते. ज्या नावापासून आपण नमाजमध्ये अल्लाहकडे आश्रय मागतो ते नाव पोरांच्या खेळण्यात यावे, हे वडीलधाऱ्यांना रुचले नाही. त्यांच्या नाराजीत तथ्य होते, पण वेगळ्या कारणाने. हदीसमधला दज्जाल भयंकर आहे तो त्याची आग पाण्यासारखी आणि त्याचे पाणी आगीसारखे भासेल म्हणून. टीव्हीवरच्या दज्जालला तर पहिल्या भागातच शेंबडे पोरही ओळखत होते. दुसरा वाद, मुळात अशा खोट्या गोष्टी पाहाव्यात का, हा होता. त्यावर आम्ही फार वेळ घालवणार नाही. हजरत आयेशांनी (रजि.) अकरा बायका आपापल्या नवऱ्यांविषयी काय बोलल्या याची लांबलचक कहाणी सांगितली आणि प्रेषितांनी (स.) ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. गोष्ट ऐकणे हा गुन्हा नव्हे.

तिसरा वाद मात्र आमच्या मनात आजवर राहिला. तो काढला आमच्या एका खालांनी. हातिमच्या किश्शात सात सवाल आहेत आणि दुसरा सवाल सर्वांच्या तोंडी बसलेला आहे : नेकी कर आणि दर्यात टाक. एका भागात हातिमने कुणाचे तरी संकट दूर केले, तो माणूस पाया पडला, मागे संगीत वाजले. त्यावर खाला म्हणाल्या, “हातिमनं नेकी दर्यात कुठं टाकली? हा तर दर हप्त्याला टीव्हीत टाकतोय!”

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मालिकेत न दिसलेली नेकी असूच शकत नाही. नायकाने अंधारात, कुणाला कळू न देता मदत केली तरी ती आपल्याला दिसावी म्हणून तिथे दिवे लावावेच लागतात. ज्या किश्श्यावर ही मालिका बेतली, तो फारसीतून उर्दूत आला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हैदर बख्श हैदरींनी १८०१-०२ च्या सुमारास ‘आराइश-ए-महफिल’ या नावाने तो लिहिला. पुढे होमी वाडियांनी १९५६ मध्ये आणि बाबूभाई मिस्त्रींनी १९९० मध्ये त्यावर चित्रपट काढले. त्या किश्शात दुसऱ्या सवालाचे उत्तर देणारा म्हातारा पूर्वी दरोडेखोर होता. त्याचा नेम एकच. रोज स्वतःच्या हाताने दोन रोट्या करायच्या आणि अल्लाहच्या नावाने नदीत टाकायच्या. मासे खात असतील, नसतील. मरणाच्या दारातून तो परतला तो त्या रोट्यांच्या पुण्याईवर. लक्षात घ्यावे की ज्याची नेकी खरोखर दर्यात गेली तो हातिम नव्हे, एक दरोडेखोर आहे. हातिम फक्त त्याची हकीकत विचारायला आलेला आहे. किश्शा रचणाऱ्याने हे मुद्दाम केले की आपसूक झाले कोण जाणे, पण त्यात मोठे शहाणपण आहे.

कारण खरा हातिम जगभर ओळखला गेला तो दातृत्वासाठी. तो ‘तय’ टोळीचा अरब सरदार व कवी, इस्लामपूर्व काळातला. (मालिकेत त्याला यमनचा राजपुत्र केले होते. शेख सादींच्या ‘बोस्तान’मध्ये तर यमनचा बादशहाच हातिमच्या कीर्तीवर जळून त्याच्यावर मारेकरी पाठवतो!) त्याचे पुत्र हजरत अदी (रजि.) पुढे मुसलमान झाले. हातिमची मुलगी कैदेत आली तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला कपडे, वाहन आणि वाटखर्च देऊन सन्मानाने परत पाठवले, असे चरित्रकार सांगतात. बापाच्या नेकीचा मान राखला गेला. पण इमाम अहमद यांच्या ‘मुस्नद’मध्ये आणखी एक प्रसंग आहे. अदींनी विचारले, माझे वडील नातेवाइकांना सांभाळत, लोकांसाठी एवढे करत, त्यांचे काय? उत्तर मिळाले ते असे, की तुझ्या वडिलांनी जी गोष्ट इच्छिली ती त्यांना मिळाली. ती गोष्ट म्हणजे नाव, लौकिक, असा अर्थ विद्वानांनी लावला आहे.

मुलाने बापाविषयी विचारावे आणि असे उत्तर मिळावे, हे वाचताना आम्हाला दर वेळी थांबावे लागते. त्यात निंदा नाही. हातिमचे देणे खोटे ठरवलेले नाही. ज्याला रोटी मिळाली त्याचे पोट भरलेच. फक्त हिशेब पुरा झाला. याच्याच शेजारी सहीह मुस्लिममधली ती हदीस ठेवावी, ज्यात निवाड्याच्या दिवशी सर्वांत आधी तिघांना उभे केले जाते : लढून मेलेला, विद्वान आणि दानशूर. तिसऱ्याला सांगितले जाते, तू दिलेस ते लोकांनी दाता म्हणावे म्हणून, आणि तसे म्हटले गेले.

मग सगळेच लपवावे काय? तसेही नाही. कुरआनच्या दुसऱ्या सूरहमध्ये (२:२७१) उघड दिलेले दानही चांगलेच म्हटले आहे; गुपचूप गरिबाच्या हाती दिलेले अधिक चांगले. आणि फुजैल बिन अयाज (रह.) यांनी तर पळवाटच बंद केली. लोकांसाठी सत्कर्म करणे वाईटच, पण लोक काय म्हणतील म्हणून सत्कर्म सोडणे हाही दिखावाच आहे, असे त्यांचे म्हणणे.

ही चर्चा टीव्हीपुरती राहिली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रे नेता येत नव्हती. पावसात, चिखलात तासाभराहून अधिक चढून माणसे फावड्या-कुदळींनी खणत होती. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी तो चढ चढतानाच हृदयविकाराने गेले. २७ मृतदेह सापडले. ५७ जण सापडलेच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांसाठी चौकजवळ कंटेनरची तात्पुरती घरे उभी राहिली.

मदत आली, खूप आली. तांदूळ, डाळ, ताडपत्र्या, चादरी, भांडी. आणि जवळपास प्रत्येक टेम्पोबरोबर बॅनर आले. पोत्याच्या एका बाजूला देणारे पाच, दुसऱ्या बाजूला घेणारी एक बाई, मध्ये बॅनर, समोर मोबाइल. चार दिवसांपूर्वी जिचे घर, माणसे मातीत गेली तिला ‘जरा इकडे बघा’ म्हणून सांगितले जात होते. हे एका धर्माचे, एका पक्षाचे काम नव्हते. सगळेच करत होते.

आमच्यातही जुम्याच्या नमाजनंतर वर्गणी गोळा झाली आणि बॅनर छापावे की नाही यावरून मशिदीच्या पायरीवर कडाक्याचे भांडण झाले. तरुणांचे म्हणणे आम्ही इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते पोरकट नव्हते. ते म्हणाले, एरवी पेपरात आपले नाव येते ते कशासाठी येते हे तुम्हाला माहीत आहे. स्फोट झाला की, दंगल झाली की. शेजारच्या दुःखात आपण धावलो हे एकदा तरी दिसू द्या. आम्हाला मोठेपणा नको, साक्ष हवी आहे. रिया वेगळी आणि गवाही वेगळी.

ज्याच्या चांगुलपणावर कुणी शंका घेत नाही त्याला गुपचूप देणे परवडते. ज्याला उठता-बसता पुरावा द्यावा लागतो, त्याला दर्यात नेकी टाकायला सांगणे म्हणजे हाती असलेला एकमेव कागद फाडायला सांगण्यासारखे आहे, हे आम्हाला समजते. बहुसंख्याकांच्या बॅनरमागे हौस असेल, आमच्या पोरांच्या बॅनरमागे भीती होती.

तरीही आमचे मत बॅनरविरुद्ध पडले. कारण त्या साक्षीची किंमत आपण देत नाही, ती ठाकरीण देते. आपली पत सुधारावी म्हणून तिने आपले दुःख घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे. तिला दिलेल्या पाच किलो तांदळाच्या बदल्यात आपण तिचा चेहरा घेतो. मग ते दान उरत नाही, सौदा होतो. आणि ज्याला आपल्यावर संशय घ्यायचाच आहे तो तो फोटो पाहूनही घेणार. उलट म्हणणार, हे यांनी दाखवायला केले. एक फरक मात्र आम्ही मान्य केला. वर्गणी दुसऱ्यांची होती. तिचा पै-पैचा हिशेब, किती जमले, काय घेतले, कुठल्या दुकानाच्या पावत्या, हे सारे मशिदीच्या फळ्यावर लागले पाहिजे. स्वतःचे दिलेले लपवावे, दुसऱ्याचे आपल्या हातून गेलेले उघडे ठेवावे. फळ्यावर देणाऱ्यांची नावे नव्हती, रकमा होत्या.

त्यावर एका मुलाने टोला दिला : “हातिमनं जाहिरात केली नसती तर सादींना तो कळला असता का?” त्याला आम्ही ‘बोस्तान’मधलीच गोष्ट सांगितली. रूमच्या सुलतानाने हातिमचा नामांकित घोडा मागायला दूत पाठवला. वादळी रात्री दूत पोहोचला, जेवला, निजला. सकाळी त्याने घोडा मागितला तेव्हा हातिम हळहळला. रात्री घरात दुसरे काही नव्हते म्हणून तोच घोडा कापून पाहुण्यांना वाढला होता. ही हकीकत रूमपर्यंत गेली ती पाहुण्यांच्या तोंडून.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तो सुलतानाचा दूत होता, त्याचं कुणी ऐकलं. ठाकरांपुढं माईक धरतो कोण?”

सवाल बिनतोड होता. टेम्पो मात्र बॅनरशिवाय गेला, आणि पोती उतरवायला तोच मुलगा सर्वांत पुढे होता.