माशाचा जमाखर्च

आमचं गाव जाम. नाव ऐकलं की नवखा माणूस गालातल्या गालात हसतो, कारण जिल्हा वर्धा. म्हणजे सेवाग्राम-पवनारचा, आणि कित्येक दशकं दारूबंदीचा. आमचा तालुका तर समुद्रपूर. इथून समुद्र गाठायचा तर तेलंगण आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंत जावं लागतं. तेव्हा या तालुक्यात मासे धरायला निघणं हे मुळात नावापासूनच फसवं. तरी मी निघालो. दोष भाच्याचा.

भाचा पुण्याला असतो. कोजागिरीनंतर तो 'हिमालयन' घेऊन आला. रॉयल एन्फील्डने २०१६ साली काढलेली ही उंच गाडी. तिच्यावर बसायला मला पायरी लागते. पाठीवर नळकांडं, त्यात दुमडीची गळाची काठी. म्हणाला, "मामा, रस्ता सोडून डोंगरात गाडी घालायची आणि पाणी लागेल तिथे गळ टाकायचा. परदेशात लोक असंच करतात."

मी म्हटलं, "बाबा रे, आमच्याकडे रस्ता सोडावा लागत नाही. पावसाळ्यात रस्ताच आपल्याला सोडून जातो."

पण बँकेत आठवडाभर दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज करणाऱ्या माणसाला रविवारी कुणीही फूस लावावी. त्याच्या मागोमाग मी माझी स्प्लेंडर काढली. गिरडपर्यंत डांबरी रस्ता. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे, नारळाबिरळांचे, ते दगड झाले अशी आख्यायिका आहे. थट्टेवर गुजराण करणाऱ्या माझ्यासारख्याने तिथून हात जोडूनच पुढे जावं.

पुढे रस्ता संपला आणि हौस सुरू झाली. भाच्याची गाडी दगडगोट्यांवरून हरणासारखी गेली. माझी काळ्या मातीत शिरली. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. आमची काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून बसते, की चाक फिरेनासं होतं. गावाच्या नावाचा दुसरा अर्थ मला तिथे कळला. शेवटी एका धुऱ्यावरून, कुणाच्यातरी तुरीच्या कडेकडेने, ढकलत ढकलत तलाव गाठला. तलावाचं नाव सांगत नाही. गळ टाकणाऱ्याने जागा सांगायची नसते, आणि न सांगण्याचं दुसरं कारण पुढे येईलच.

कणकेचा गोळा लावून तासभर बसलो. मग काठीला झटका आला. खोटं कशाला बोलू, बँकेतल्या वीस वर्षांत झाला नसेल एवढा आनंद मला त्या झटक्याने झाला. सव्वा-दीड किलोचा रोहू निघाला. भाच्याने फोटो काढला. पहिल्यात माझं डोकं कापलं गेलं, दुसऱ्यात ऊन आडवं आलं, तिसऱ्यात मला हसायला सांगितलं. मग म्हणाला, "आता सोडा मामा. आपण मारत नाही. धरायचं आणि सोडायचं."

मी सोडला. मासा दोन हात गेला आणि आडवा झाला.

इतका वेळ पलीकडे जाळं निस्तरत बसलेला एक म्हातारा उठला, पाण्यात शिरला आणि त्याने तो रोहू उचलला. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्याचा होता आणि म्हातारा संस्थेचा सभासद. स्लिपवर सही नसली तर मी भल्याभल्यांना काउंटरवरून परत पाठवतो. इथे कुणाला न विचारता गळ टाकून बसलो होतो. मी चाचरत म्हटलं, "काकाजी, आम्ही सोडलाच होता."

रागावला असता तर बरं झालं असतं. तो माशाच्या ओठाकडे पाहत म्हणाला, "सोडाचंच होतं साहेब, त धरलं कायले?"

भाच्याकडे उत्तर होतं. मारण्यापेक्षा सोडणं बरं. ऐकायला हे ठीक वाटतं; पण हिशेब चुकीच्या रकमेपासून सुरू झालाय. तुलना मारण्याशी नाही, न धरण्याशी करायला हवी. माशाच्या नावे टाका : ओठाला एक भोक, हवेत तीन मिनिटं. जमेला काय? शून्य. फोटो आमच्या खात्यात.

रात्री भाच्यानेच मोबाइलवर शोधाशोध केली आणि प्रामाणिकपणे स्वतःविरुद्धचाच पुरावा काढला. २००३ साली स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसिटिक आम्ल टोचून पाहिलं. माशांचा श्वास वाढला, ते लवकर खाईनात, आणि आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. याला वेदना म्हणावं की नाही यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण सोडून देण्याच्याच हेतूने गळ टाकायला स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांत मनाई केली आहे. म्हणजे आमच्या काकाजींचा प्रश्न तिथल्या सरकारलाही पडला होता.

मी काही शाकाहाराचा टिळा लावलेला नाही. रविवारी आमच्याकडे मासे असतातच. काकाजी जाळ्यात शंभर धरतो, त्याबद्दल मला काही वाटत नाही. भूक एका माशाला एकदाच धरते. मला टोचतो तो माझा झटका. काठीतून मनगटात आला तो झटका म्हणजे माशाची घाबरगुंडी होती. तिचाच मला आनंद झाला, आणि तो खरा होता, ही पंचाईत आहे. नुसती दोरी टाकून बसलं तर? तळं तेच, शांतता तीच. पण गळाशिवाय तीन तास तळ्याकाठी बसलेल्या प्रपंची माणसाबद्दल गावात लगेच काळजी सुरू होते.

तो रोहू आम्ही काकाजींकडून विकत घेतला. पैसे देताना भाचा म्हणाला, "मामा, आपणच धरलेला मासा आपणच विकत घेतोय." मी म्हटलं, "व्याज समज." सौभाग्यवतीने रस्सा उत्तम केला. भाच्याने दोनदा घेतला, मी एकदा.

सोमवारी गाडी धुवायला दिली. पोऱ्याने मडगार्डखालून पाइपाने माती काढायला सुरुवात केली. घमेलंभर निघाली, तरी येतच होती. तिच्यात तुरीची दोन रोपं मुळासकट होती. त्याने ती बाजूला ठेवली आणि म्हणाला,

"साहेब, कोनाचं वावर उचलून आनलं?"