रतामाच्या झुडपाखाली

आजचं वाचन : १ राजे, अध्याय १९, वचने १ ते १८



निकाल लागला की लातूर आणि नांदेडच्या क्लासेसच्या भागात दोन दृश्यं दिसतात. काहींचे फोटो चौकातल्या बॅनरवर लागतात. बाकीचे गादी गुंडाळून बसस्टँडकडे निघतात. 'नीट'च्या ७२० पैकी थोडे मार्क कमी पडले आणि दोन वर्षं पाण्यात गेली असं वाटतं. रविवारी चर्चला जावं तर एखादी काकू विचारणारच, "किती पडले रे बाळा?" म्हणून चर्चही नको वाटतं. आजचा अध्याय त्यांच्यासाठी वाचू या.

पण एक गोष्ट आधी बघा. एलीया नापास झालेला नव्हता! आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर तो बआलाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिला, स्वर्गातून अग्नी उतरला, कित्येक वर्षांचा दुष्काळ संपून पाऊस आला. आणि मग ईजबेल राणीचा एक निरोप आला, की उद्यापर्यंत तुझा जीव घेते. बस्स, एलीया पळाला. बैर-शेब्याला सेवकाला मागे ठेवलं, एक दिवसाची वाट रानात एकटाच चालला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाजवळ मरण मागितलं. खचलेल्या मुलाला "तुझा विश्वासच कमी पडला" असं म्हणणाऱ्यांनी हा अध्याय परत वाचावा, असं मला मनापासून वाटतं. विश्वास कमी असलेला माणूस कर्मेलवर उभा राहत नाही.

आता देव काय करतो? रागावत नाही. उपदेशही करत नाही. झोपू देतो. मग दूत येऊन हात लावतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. तरी दूत दुसऱ्यांदा येतो, आणि सांगतो की पुढची वाट तुला झेपणारी नाही, म्हणून खा.

पाण्याचं मोल लातूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली. १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. त्या गाडीने दुष्काळ हटला का? नाही. पण शहराला पाऊस येईपर्यंत तग धरायचा होता. रतामाखालची भाकरही तशीच. ईजबेल तिच्या जागी होतीच, धमकीही तशीच होती. एलीयाला फक्त होरेबापर्यंत, ४० दिवस आणि ४० रात्री चालण्याइतकं बळ मिळालं. आपण मात्र प्रार्थनेत थेट सगळा प्रश्न सुटायलाच मागतो, आणि ताटातली भाकर दिसत नाही.

होरेबावर वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो. वचन म्हणतं, परमेश्वर त्यांत नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांच्या आजी-आजोबांनी पाहिली, त्यांनी इथे जरा थांबावं. भूकंप का झाला, याचं उत्तर हा अध्याय देत नाही, मीही देणार नाही. एवढंच दिसतं की, देव एलीयाशी बोलला तो त्यानंतर आलेल्या मंद, शांत वाणीतून.

आणि ती वाणी विचारते, तू इथे काय करतोस? हा प्रश्न दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा एलीया तेच रडगाणं गातो: मी एकटाच उरलो. देव ऐकून घेतो. मग काम देतो, सोबतीला अलीशा देतो, आणि सांगतो की बआलापुढे गुडघे न टेकलेले ७,००० जण अजून आहेत. सेवकाला मागे ठेवून निघालेल्या माणसाला हे कळायलाच हवं होतं.

म्हणून आज एवढं कर. नीट जेव, झोप, आणि मग ज्याला तू मागे ठेवून निघालास त्याला फोन लाव: रूममेट, ताई, पाळकसाहेब, कुणीही. एलीयासारखा मरणाचा विचार येत असेल तर तो आज रात्रीच कुणाला तरी बोलून दाखव. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. तिथे फोन करणं म्हणजे प्रार्थना सोडणं नव्हे. दूत भाकर घेऊन कुठून येईल, हे एलीयाने ठरवलं नव्हतं.

प्रार्थना : प्रभू येशू, गेथशेमानेत तुझाही जीव अति खिन्न झाला होता. आज जो रूमचं दार लावून पडून आहे, त्याला हात लावून उठव. त्याच्या दारावर टकटक करायला आमच्यातल्या कुणाला तरी पाठव. आमेन.