अंधारात रोल धुताना

सावकाश बसा. बाथरूममध्ये पाट मांडा. पाठ सरळ, खांदे सैल.

दार लावा. खालच्या फटीत जाड टॉवेल दाबा. झरोक्यावर काळा कागद चिकटवलेला आहे. दिवा मालवा.

श्वास आत. श्वास बाहेर.

डोळे उघडेच ठेवा. थोड्या वेळाने कुठून तरी उजेडाची एक रेघ दिसू लागते. तिथेही कापड कोंबा. पुन्हा बसा.

ऐका. डोंबिवली सोडून कल्याणकडे निघालेली लोकल. वरच्या मजल्यावर भरणारी बादली. मग काहीच नाही.

मांडीवर एक रोल आहे. ब्लॅक अँड व्हाइट, ३६ फोटोंचा. त्यात काय आहे, ते आठवा. ठाण्याच्या मासुंदा तलावाचं सकाळचं पाणी. दिवाळी पहाटेला फडके रोडवर लोटलेली तरुण मुलं. दुर्गाडीखालची खाडी.

सगळं फिल्मवर आहे. अजून दिसत मात्र नाही.

मनात एक विचार येतो : हा रोल कोपऱ्यावरच्या कलर लॅबमध्येच टाकावा. येऊ द्या. त्याच्याकडे नुसतं पाहा. कलरच्या मशीनमधलं ब्लीच फिल्मवरची चांदी काढायला सोपी करतं, पुढचा फिक्सर ती धुऊन नेतो. रंगीत फिल्मवर मागे रंग उरतो. या फिल्मवर चांदी हेच चित्र आहे. ती गेली, की पट्टी कोरी.

दुसरा विचार येतो : कुरिअरने लांबच्या लॅबला पाठवावा. त्याचा खर्चही मनात येतो. तो विचारही जाऊ द्या.

रोल हातात राहू द्या.

आता डबी उघडा. फिल्मला फक्त कडेने धरा. तिचं टोक रीलच्या खाचेत सरकवा. हळूहळू. दीड मीटरहून थोडी लांब पट्टी आहे.

अडकली? थांबा. जोर नको. एक श्वास. थोडी मागे घ्या. पुन्हा सरकवा.

याच अंधारात दुसरे दोन हात आठवा. साल १९१३च्या आसपासचं. दादरच्या घरात ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचं काम चालू आहे. सरस्वतीबाई फाळके साऱ्या मंडळींचा स्वयंपाक उरकतात आणि अंधारात बसून कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडतात. फिल्म धुण्यातही त्यांचा हात असतो. घरातच, रात्री.

त्या हातांपाशी थोडं थांबा.

रील उजेड न शिरणाऱ्या टँकमध्ये ठेवा. झाकण घट्ट फिरवा. आता दिवा लावा.

बर्फाच्या पाण्याच्या टबमध्ये डेव्हलपरची बाटली उभी आहे. डी-७६. कोडॅकची १९२७ सालची पावडर, अजून मिळते. तिला २० अंश हवेत. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या वर असतं. थर्मामीटरकडे पाहा. पारा उतरतो आहे. घाई करू नका. त्याच्याबरोबर तुम्हीही उतरा.

२० झाले. ओता.

फिल्म इलफर्डची एचपी५ प्लस असेल, तर पाणी न मिसळलेल्या डी-७६मध्ये साडेसात मिनिटं. टँक चार वेळा उलटासुलटा करा, दहा सेकंदांत. खाली टेकवून हलकेच आपटा, म्हणजे बुडबुडे सुटतात.

मग पन्नास सेकंद काहीच करू नका.

पुढचं मिनिट. चार वेळा उलटा. टेकवा. थांबा. श्वास आत. श्वास बाहेर. आत चांदी काळी होते आहे.

डेव्हलपर ओतून काढा. साध्या पाण्याचा एक हात. मग हायपो, म्हणजेच फिक्सर.

फिल्मचा कापून ठेवलेला तुकडा वाटीभर हायपोत टाका. पाहत राहा. दुधाळपणा विरतो, तुकडा पारदर्शक होतो. त्याला जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ रोल हायपोत राहू द्या.

आता पाणी. हायपोत हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं रसायन) नसेल, तर नळ सोडून ठेवायची गरज नाही. टँक भरा, पाच वेळा उलटा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. ही पद्धत इलफर्डची. पाणीकपातीच्या दिवशीही तीन टँक पाणी पुरतं.

पट्टी बाहेर काढा. चिमट्याने टांगा, खाली दुसरा चिमटा वजनाला. पाहा. आकाश काळं. केस पांढरे. तलाव आहे. मुलं आहेत.

प्रिंट दुसऱ्या रात्री. सहा-सहा फोटोंच्या सहा पट्ट्या, ८ बाय १० इंचाचा फोटोपेपर, वर काच. एनलार्जर नको. खोलीत लाल दिवा. वरून साधा बल्ब, क्षणभर. कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये बुडवा आणि बघत राहा. आधी काही नाही. मग एक करडी कड. मग चेहरा.

टँक, थर्मामीटर, काच एकदाच घ्यायचं. नंतर खर्च उरतो तो पावडर, हायपो आणि कागदाचा. यासाठी वापरलेली भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नका. जुन्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो मोरीत न ओतता वेगळ्या कॅनमध्ये साठवा. आणि पहिल्यांदा धुवायला लग्नाचा रोल घेऊ नका. गच्चीवरून सहज काढलेला एखादा रोल घ्या.