घंटा नसलेले देवालय

गेल्या मार्गशीर्षात बडोद्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन आम्ही नौबत पहाडावरील श्रीवेंकटेश्वराच्या मंदिरात गेलो होतो. हैदराबादेत राहणारा मनुष्य हे बिर्ला मंदिर पाहण्यासाठी म्हणून सहसा जात नाही. हुसेनसागराच्या बाजूने येता-जाता ते दृष्टीस पडतच असते. पाहुणे आले म्हणजे मात्र जाणे घडते. पादत्राणे खाली ठेवून, पायऱ्या चढून आम्ही गर्भगृहासमोर उभे राहिलो आणि नित्याच्या सवयीने आमचा उजवा हात वर गेला. तो रिकामाच खाली आला. तेथे घंटा नाही. ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती. हाताला ठाऊक नव्हती. पाहुण्यांच्या लहान नातीने ते पाहिले व ती खुदकन हसली.

या मंदिराचे बांधकाम सुमारे दहा वर्षे चालले व १९७६ साली ते पुरे झाले. राजस्थानातून २,००० टन शुभ्र संगमरवर त्यासाठी आणविला होता. दक्षिणेचे गोपुर, उत्कल पद्धतीचे शिखर आणि राजस्थानी कोरीव काम असा तिहेरी मेळ तेथे घातला आहे, आणि त्या साऱ्या धवलतेच्या आत तिरुपतीच्या मूर्तीच्या धर्तीवर घडविलेली सुमारे ११ फूट उंचीची सावळी पाषाणमूर्ती उभी आहे. काळ्या दगडाची, तेलाच्या व धुपाच्या वासाची देवळे पाहण्यात आमचे बालपण गेलेले. त्यामुळे इतका पांढरेपणा डोळ्यांना प्रथम परका वाटतो. 'हे देऊळ की प्रदर्शन?' असे आमच्या पाहुण्यांनी विचारलेही. परंतु अहिल्याबाईंनी बांधविलेली मंदिरेसुद्धा एके काळी नवीच होती आणि त्यांचेही दगड तेव्हा स्वच्छच असणार. नवेपणाचा दोष काळ आपोआप दूर करतो. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

घंटेची गोष्ट निराळी आहे. ती राहून गेलेली नसून हेतुतः ठेविलेली नाही. मंदिराची प्रतिष्ठापना रामकृष्ण मिशनचे स्वामी रंगनाथानंद यांच्या हस्ते झाली आणि तेथील वातावरण ध्यानाला अनुकूल असावे, ही त्यांचीच इच्छा होती. यातील योगायोग मौजेचा आहे. ज्या टेकडीवर पूर्वी राजाज्ञा पुकारण्यापूर्वी नगारे झडत आणि म्हणून जिला नौबत पहाड हे नाव पडले, तीवरच्या देवाला आज कोणी वाजवून हाक मारीत नाही.

हा विषय येथे काढण्याचे कारण सभासदांच्या ध्यानी आलेच असेल. आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या आराखड्यात सभामंडपाला संगमरवरी फरशी सुचविली आहे, आणि त्याचबरोबर मोठी घंटा उतरवून ठेवावी, असाही एक प्रस्ताव काही तरुण सभासदांनी दिला आहे. जपाला बसणाऱ्यांचा चित्तभंग होतो. शिवाय मुले खेळणे समजून ती बडवितात. प्रस्ताव प्रथम वाचला तेव्हा आम्हांस राग आला होता. नौबत पहाडावरून परतल्यावर तो राग तितकासा राहिला नाही.

कारण त्या दिवशी रिकामा हात खाली आल्यानंतर आमची जी अवस्था झाली, ती सांगण्यास थोडा संकोच वाटतो. आपण देवासमोर येऊन पोहोचलो आहोत, याला काही पुरावाच उरला नाही. मन अजून खाली पादत्राणांपाशी होते, मोटार नीट उभी केली की नाही याच्या विवंचनेत होते. इतकी वर्षे टोल दिला की 'आलो बुवा' असे वाटे, आणि त्या वाटण्यालाच आम्ही दर्शन समजत आलो होतो की काय? देवतांना पाचारण करणे व दुष्ट शक्तींना दूर सारणे, असा घंटानादाचा हेतू पूजाविधीत सांगितलेला आहे. आम्ही मात्र बहुधा स्वतःच्याच आगमनाची वर्दी देत होतो. जवळच एक गृहस्थ खांबाशी डोळे मिटून बसले होते. आम्हांस घंटा सापडली असती तर त्यांचे डोळे खात्रीने उघडले असते. दुसऱ्याच्या ध्यानाची किंमत देऊन आपली भक्ती साजरी करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

येथवर प्रस्तावाची बाजू आम्हांस पूर्णपणे पटते. अडचण पुढे आहे.

शांततेचा लाभ आत असलेल्याला होतो. नाद मात्र उंबरठ्याबाहेर जातो. पंढरपुरात महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. ज्यांना आत पाऊल टाकू दिले नाही, त्यांच्यापर्यंत राउळातून काय पोहोचत असेल, तर मुख्यतः ध्वनीच. अर्थात यात समाधान मानण्यासारखे काही नाही. नाद पोहोचत होता म्हणून माणसाला बाहेर ठेवण्याचे पाप हलके होत नाही, आणि ते दार उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. बिर्ला कुटुंबाच्या दिल्लीतील लक्ष्मीनारायण मंदिराचे उद्घाटन गांधीजींनी १९३९ साली केले, तेही सर्व जातींना मुक्त प्रवेश राहील या अटीवर. जेथे सर्वांना आत येता येते, तेथे शांतता हा सर्वांचा ठेवा होऊ शकतो, हे खरे.

पण सर्वांना आत येता येते, म्हणजे सर्वजण येऊ शकतात असे नव्हे. आपल्या मंदिरामागील गल्लीत एक वृद्ध मावशी राहतात. मांडीचे हाड मोडल्यापासून तीन वर्षे त्या अंथरुणाला खिळून आहेत. काकड आरतीची घंटा ऐकली की त्या पडल्या पडल्या हात जोडतात. सूनबाई म्हणतात की त्यावाचून चहा घेत नाहीत. त्यांचे देऊळ तेवढेच आहे. त्याच गल्लीत दुसऱ्या घरी रात्रपाळी करून पहाटे झोपणारा एक मुलगाही आहे. त्याला काकड आरतीविषयी काय वाटते, हे त्याने आम्हांस एकदा पुरेशा स्पष्टपणे सांगितले आहे! तोही सभासदाचाच मुलगा.

तेव्हा प्रश्न भक्ती विरुद्ध शांतता असा नाहीच. टेकडीवरच्या मंदिराला आपल्या शेजाऱ्यांचा विचार निराळ्या रीतीने करता आला; आपले मंदिर घरांच्या भिंतीला भिंत लावून उभे आहे. आमच्या मते दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाने टोल देण्याची रीत बंद करावी, घंटेची दोरी वर बांधून ठेवावी, आणि काकड आरती व शेजारती या दोन वेळीच पुजारीबुवांनी ती वाजवावी. रात्रपाळीच्या मुलावर यात अन्याय होतो, आणि तो दूर करण्याचा उपाय आम्हांस सुचलेला नाही. कोणास सुचल्यास कार्यकारी मंडळाला लेखी कळवावे.

प्रस्ताव आषाढातील सभेपुढे येणार आहे. तोवर घंटेचा लोलक सैल झाला आहे, तो एखाद्या कासाराकडून नीट बसवून घ्यावा. आजकाल टोल फुटका येतो, असा मावशींचा निरोप आहे.