दुसरा बल्ब

सातवी-आठवीतल्या मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. एका सेलला दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडले, तर दोन्ही सारखेच पेटतील का? बरीच मुलं सांगतात, दुसरा मंद पेटेल, कारण पहिल्याने थोडी वीज खाल्लेली असते. या उत्तराला हसू नये. घरात आपणही वीज 'जळते', 'खर्च होते' असंच म्हणतो. 'एकसर जोडणीत विद्युतधारा सर्वत्र समान असते' हे वाक्य पाठ होतं, त्याचे गुण मिळतात आणि मनातली समजूत जागची हलत नाही.

अशा समजुतीला धक्का देण्याची ताकद चांगल्या सिम्युलेशनमध्ये असते, असं मला ठामपणे वाटतं. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी २००२ साली 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. फेटच्या विद्युत परिपथात तारेतून निळे ठिपके सरकताना दिसतात. दोन्ही बल्बमधून ते एकाच वेगाने जातात, वाटेत एकही गळत नाही. सेलची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली, तर पडद्यावर ज्वाळा उठतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी खऱ्या साहित्यावर काम केलं, काहींनी फक्त या सिम्युलेशनवर. नंतर सर्वांना खरा परिपथ जोडायला आणि तो समजावून सांगायला दिला, तेव्हा सिम्युलेशनवाले सरस ठरले.

याचं कारण मला असं दिसतं, की खरी तार आतलं काही दाखवतच नाही. मुलाचं लक्ष वायरच्या रंगात, निसटणाऱ्या क्लिपमध्ये अडकतं. पडदा तेवढा पसारा बाजूला सारतो आणि डोळ्यांना कधीच न दिसणारी गोष्ट समोर ठेवतो.

मात्र 'खेळातून विज्ञान' या नावाखाली जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं प्रश्नमंजूषेला चिकटवलेलं चांदण्यांचं बक्षीस असतं. तिथे गुण मिळतात पाठांतराचे. वॉशिंग्टन विद्यापीठातून २००८ साली आलेल्या 'फोल्डइट'शी त्याची तुलना करून पाहा. त्यात प्रथिनाची साखळी दुमडायची असते आणि गुण ठरतात ते त्या रचनेच्या ऊर्जेवरून. म्हणजे खेळाचा नियम हाच निसर्गाचा नियम. २०११ साली या खेळाडूंनी माकडांमधल्या एका विषाणूच्या विकराची, शास्त्रज्ञांना बरीच वर्षं न सुटलेली रचना उलगडायला मदत केली.

आपल्याकडचा वाद मात्र 'पडदा की प्रयोगशाळा' असा चुकीचा मांडला जातो. कित्येक शाळांत साहित्य कुलूपबंद कपाटात असतं. म्हणजे पडद्याची तुलना खडूशी व्हायला हवी. फेट मराठीतही आहे, फुकट आहे, मोबाइलवर चालतं. तरीही ते प्रोजेक्टरवर लावून शिक्षकच बटणं दाबत राहिले आणि मुलं बघत बसली, तर फळाच बदलला, एवढंच. माझा आग्रह एका गोष्टीचा आहे: स्विच दाबण्यापूर्वी मुलाने आपला अंदाज वहीत लिहावा. लिहिलेला अंदाज चुकला की तो टोचतो; नुसता पाहिलेला ठिपका टोचत नाही.

माझ्या भाचीने असा अंदाज लिहिला होता, 'दुसरा मंद'. पडद्यावर दोन्ही सारखे पेटले तेव्हा तिने बल्बांच्या जागा बदलल्या, सेल उलटा केला, तरी उत्तर तेच. मग आम्ही दोन खरे बल्ब, होल्डर आणि तीन सेल आणले. सगळं जोडलं, स्विच दाबला, एकही पेटला नाही. 'कॉम्प्युटरमध्ये असं होत नाही,' ती वैतागून म्हणाली. खरंच होत नाही. सिम्युलेशनमध्ये लिहिणाऱ्याने घातलेलंच घडतं आणि त्याने तिथे गंज घातलेला नव्हता. तिने एकेक जोड हलवून पाहिला. दुसऱ्या होल्डरच्या तळाशी हिरवट थर दिसला, तो पॉलिश पेपरने घासला. दोन्ही बल्ब पेटले. दुसरा किंचित मंद होता.

ती गप्प झाली. मग तिने दोन्ही बल्ब काढले आणि त्यांची अदलाबदल केली.