आडनावाचा सातबारा

अनुवादात शब्दाला प्रतिशब्द शोधतात. आडनाव मात्र जसेच्या तसे उचलून ठेवायचे असते. त्याला अर्थ असला तरी तो बाजूला राहतो. पण आडनावाच्या अर्थाबरोबर एखादे देणेही बाजूला राहते का, हा प्रश्न मला पनागरमध्ये पडतो.

इथला गढा-मंडल्याचा मुलूख मूळचा गोंड राजांचा. १७८१ मध्ये तो सागरच्या मराठ्यांकडे आला. या सागरकर घराण्याचे मूळपुरुष गोविंद बल्लाळ खेर हे रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे. पेशव्यांनी त्यांच्यावर बुंदेलखंडाचा कारभार सोपवला आणि ते गोविंदपंत बुंदेले झाले. डिसेंबर १७६० मध्ये, पानिपतच्या लढाईआधी, अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असताना ते मारले गेले. 'बुंदेले' या नावात कर्तबगारी आहे, यात वाद नाही. पण बुंदेले म्हणजे तिथले राजपूत. त्यांचे नाव कोकणातल्या माणसाला मिळाले ते त्या मुलखाचा सारा वसूल केल्यामुळे.

जमिनीवरून आडनाव पडणे स्कॉटलंडलाही नवे नाही. तिथे याची दुसरी बाजूही दिसते. १६०३ मध्ये मॅकग्रेगर हे आडनाव लावण्यावरच बंदी आली. लावले तर देहदंड. रॉब रॉय मॅकग्रेगरने आईचे कॅम्पबेल हे आडनाव वापरले. मधे काही वर्षे उठलेली ही बंदी कायमची गेली ती १७७४ मध्ये. कुणा पूर्वजाने केलेली मारामारी पाळण्यातल्या बाळाच्या नावावर चढली होती. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तेच केले: जमातीचे नाव हाच पुरावा. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय अजून फिरतो.

पूर्वजाचा गुन्हा नातवाच्या माथी मारणे अन्याय आहे, हे आपण लगेच मान्य करतो. मग पूर्वजाची तलवार नातवाच्या दिवाणखान्यात कशी चालते? कर्तृत्व वारशाने येत असेल तर अपराधही यायला हवा. अपराध येत नसेल तर अभिमानालाही जागा उरत नाही.

मला वाटते, शिक्षा वारशाने येत नाही, बोजा येतो. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर मालकाच्या नावाबरोबर 'इतर हक्क' असा रकाना असतो. जमिनीवरचे कर्ज तिथे लिहिलेले असते. वारसाने ते कर्ज काढलेले नसते, तरी जमीन घेतली की बोजाही येतो. आडनावही असेच घ्यावे. घराण्याची गोष्ट सांगताना खेरांचे बुंदेले कसे झाले हे जरूर सांगावे; त्याच दमात सारा कुणी भरला, तेही सांगावे. भरणाऱ्यांची नावे आपल्याला सांगता येत नाहीत. बोजा आहे तो तेवढ्याचाच.