अर्जुनाला वेळ मिळाला

मराठा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन वीर या गावी आलो तेव्हापासून रोज गीता वाचतो. अर्जुनाने रथ थांबवला, विचारलं, मग धनुष्य उचललं. पायदळाच्या शिपायाला अशी सवड कुठली?

शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. 10 जुलै 1944, इटली, टायबरचं वरचं खोरं. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले. ते एकटे धावले, ग्रेनेड फेकला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीनेच ठोकून मारलं. लगेच त्यांनाही गोळ्या लागल्या. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. एवढं कागदावर आहे. आदल्या रात्री मोर्चा खणताना हात सोलले होते का, बूट ओले होते का, हे सांगायला ते उरले नाहीत.

मला निष्काम कर्म त्या खणण्यात जास्त दिसतं. पहाटेच्या स्टँड-टूला, म्हणजे हल्ला येईल म्हणून सज्ज राहायच्या वेळी, थंडीत बंदूक धरून बसायचं, सोबत्याच्या पायाचे फोड बघायचे. याचं पदक कुणी देत नाही.

पण मारलेल्याचं काय? हुकूम वरचा होता म्हणून हात मोकळे होतात, हे मला पटत नाही. सर्वपित्रीला मी समोरच्या बाजूच्यांनाही पाणी सोडतो. भावकीत काहींना ते रुचत नाही. त्यांनी महाभारतातलं स्त्रीपर्व वाचावं: युद्ध संपल्यावर युधिष्ठिराने दोन्हीकडच्या मेलेल्यांचे अंत्यविधी करवले, ज्यांचं कुणी नव्हतं त्यांचेसुद्धा.